आईच्या बाजूने

बांबोळीला, तिसऱ्या मजल्यावर, डॉक्टर कोरगावकर
कागद आडवा धरते. नखांवर मेंदीची शेवटची कोर.
पुरुष म्हणजे चौकोन, ती सांगते, बाई म्हणजे वर्तुळ.
आजारी असेल तर आतून काळं करायचं.

मला नीट दिसत नाही.
उजव्या डोळ्यात, बरोबर मधोमध, जायफळाएवढा डाग,
कडेकडेने जग शाबूत.
तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं तर मी तिच्या कानाकडे पाहते.

चार वर्षांपूर्वी पाय बधिर झाला, तेव्हा मेंदूच्या फोटोत
पांढरे ठिपके सापडले, खाऱ्या हवेत भिंतीला फुटतात तसे.
मल्टिपल स्क्लेरोसिस.
खरं सांगते, मी त्या नावावर समाधानी होते.
ते माझं एकटीचं होतं. कुणाकडून घेतलेलं नाही,
कुणाला द्यायचं नाही.

पण डोळा गेला तो परत आला नाही. स्टेरॉइड दिले, तरी नाही.
म्हणून आज हा कागद, म्हणून हे विचारणं:
घरात आणखी कुणाचे डोळे गेले होते?

रोहिदासमामाचे, मी म्हणाले.
वळवईच्या फेरीवर होता. सत्ताविसाव्या वर्षी
पलीकडचा धक्का मधोमध पुसला गेला.
गावाने निकाल दिला: हुर्राक.
डॉक्टर हसली नाही. तेही थोडं खरं असेल, म्हणाली,
दारू, विडी, ठिणगी कसलीही चालते.
लाकूड आधीच वाळलेलं असतं.
तिने एक चौकोन काळा केला.

मग सांगितलं ते मी लिहून घेतलं नाही, तरी पाठ झालं.
पेशीच्या आत एक चूल असते, तिची स्वतःची वही,
ती फक्त आईकडून येते. बापाला तिच्यात काही लिहिता येत नाही.
तिथे एक अक्षर चुकलं की डोळ्यांच्या नसा थकतात,
आणि कधी कधी, बायकांत जास्त,
बरोबर हा दुसराही आजार येतो.
दोघांचं नातं काय?
शेजार आहे, ती म्हणाली.
मधली भिंत एक की दोन, ते अजून नक्की कळलेलं नाही.

आमच्या देवळात महाजनांची यादी आहे, काचेच्या फ्रेममध्ये.
अकरा पिढ्या. सगळे चौकोन.
इथे तिचा उपयोग नाही.

सावईवेऱ्याला गेले. मावशी सुपाऱ्या फोडत बसली होती.
आईची आई मला ठाऊक. तिची आई कोण?
"नांव कोणाक याद आसता गो? गांव याद आसता.
ती केरयेची. तिची आवय बेतकेची. आनी तिची..."
अडकित्ता थांबला.
"ती होडयेन आयिल्ली."

एका गावातून उठून दुसऱ्या गावाच्या आडनावात गेलेल्या,
ट्रंकेत चार लुगडी,
आणि अंगात ही एक ओळ, त्यांना न कळवता.
मी वर्तुळांत गावं लिहिली: केरी, बेतकी. शेवटच्यात: होडी.
कागद वंशावळीसारखा दिसेना,
बसच्या पाटीसारखा दिसायला लागला.

मावशी म्हणाली, दिसेनासं झाल्यावरही मामा धक्क्यावर बसायचा.
इंजिनाचा आवाज जाड झाला की ओरडायचा: दोर टाक रे!
कधी चुकला नाही.
मग, बऱ्याच वेळाने: "म्हज्यांतय आसतलें?"
असणारच, मी म्हणाले. असलं म्हणजे डोळे जातातच असं नाही.
तिने ऐकलं की नाही कोण जाणे.
ढिगातून तीन सुपाऱ्या बाजूला काढल्या.
तिला तीन मुली आहेत.

घरी शर्वाणीने कागद पाहिला. अकरा वर्षांची.
तिची तपासणी तिने ठरवायची, अठराची झाल्यावर,
असं डॉक्टर म्हणाली आहे. हे मी तिला सांगितलेलं नाही.
वर्तुळं वाकडी आहेत, म्हणाली, आणि कंपास घेऊन आली.
एकेक गिरवलं. खालचं, स्वतःचं, सगळ्यात सावकाश.

ह्याच्यात काय लिहू?

मी तिच्या कानाकडे पाहिलं.